घासलेला हात

माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, दोन बारीक ठिपके आहेत. दोन्हींमध्ये आगकाडीएवढं अंतर. कुणी विचारलं तर लहानपणी काहीतरी लागलं होतं असं सांगून मी मोकळी होते, कारण खरं सांगायला बसले की मला अजून राग येतो आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. आता नोकरी संपली आहे, वेळ भरपूर आहे आणि राग काही गेलेला नाही. तेव्हा एकदा सांगूनच टाकते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी ठाण्यात, माजिवड्याच्या थोडं पुढे, एका औषध कंपनीत लागले. त्याआधी डोंबिवलीत घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकवत होते. ती नोकरी कायम होती. ती सोडली तेव्हा आई म्हणाली, सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस. मी तिला म्हटलं, तीच ती पुस्तकं वाचून दाखवायचा मला कंटाळा आलाय, मला काहीतरी शोधायचंय. असं बोलणं तेव्हा मला फार सहज जमायचं.

कंपनीने सांधेदुखीवर चोळायचं एक जेल तयार केलं होतं. पारदर्शक, थंडगार, लावलं की नाकात जाणारा वास. खोक्यावर ‘खोलवर पोहोचणारं’ असं छापायचं ठरत होतं. खोलवर पोहोचतं की नाही हे मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. चोळल्यावर बरं वाटतं, एवढंच सगळे सांगत. बरं तर नुसतं चोळल्यानेही वाटतं. औषध कातडीच्या आत खरोखर किती जातं, हे मोजायची एक नवी रीत मी परदेशी मासिकांच्या झेरॉक्स प्रतींमध्ये वाचली होती आणि मुलाखतीत मोठ्या ऐटीत सांगितली होती. ती रीत म्हणजे मायक्रोडायलिसिस. आमच्या साहेबांना ती आवडली. मला एक खोली, एक पंप आणि दोन वर्षांनंतरच्या मार्चपर्यंतची मुदत मिळाली. मार्चमध्ये मुख्य कचेरीतली माणसं येणार होती. तोवर विश्वास ठेवण्याजोगे आकडे हाती आले तर प्रयोगशाळा कायम होणार, नाहीतर ती खोली पॅकिंगवाल्यांना गोदामासाठी जाणार. पॅकिंगवाले आत्तापासूनच दारात येऊन नजरेने मापं घेत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

रीत सांगायला सोपी आहे. केसाहून थोडी जाड अशी पोकळ नळी सुईच्या मदतीने कातडीच्या आत ओवायची, एका ठिपक्यातून आत, दुसऱ्यातून बाहेर. नळीच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. एका टोकाने पंप अगदी हळू मिठाचं पाणी सोडतो. वर कातडीला जेल लावायचं. औषध कातडी ओलांडून खाली आलं तर ते भोकांतून त्या पाण्यात शिरतं, आणि दुसऱ्या टोकाला पाणी थेंबाथेंबाने इवल्याशा बाटलीत जमतं. एक थेंब भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मग तो थेंब एचपीएलसी नावाच्या यंत्रात घालायचा. त्यात औषध असेल तर यंत्र कागदावर डोंगर काढतं. नसेल तर सरळ रेघ.

मी कित्येक महिने सरळ रेघा पाहिल्या.

नळ्या तयार मिळत नव्हत्या. बाहेरून मागवायच्या तर वर्ष गेलं असतं. मग कुठेतरी वाचलं की मूत्रपिंडाच्या डायलिसिसला जे गाळणीचं नळकांडं लागतं त्याच्या पोटात अशाच हजारो नळ्या असतात. कल्याणच्या एका इस्पितळात मुदत संपलेलं, न वापरलेलं एक नळकांडं पडून होतं. ते मिळवायला मी चार खेपा घातल्या. तिथल्या बाईंना मी ते कशासाठी नेतेय हे शेवटपर्यंत पटलं नाही. करवतीने ते कापलं तर आतून शेवयांचा जुडगा निघाला. त्यातली एकेक शेवई उचलायची, नायलॉनच्या नळीत सरकवायची आणि सांध्याला डिंक लावायचा. डिंक थोडा जास्त झाला तर भोक बुजतं, कमी झाला तर गळतं. दिवसभरात तीन जमल्या तर मी स्वतःला शाबासकी द्यायची. दुसऱ्या दिवशी तपासलं की त्यातल्या दोन गळक्या निघायच्या. शिवाय दर शुक्रवारी औद्योगिक भागाची वीज बंद, आणि बाकीच्या वारीही दिवा लुकलुकला की पंप थांबायचा, नळीत बुडबुडा शिरायचा आणि सकाळपासूनचं काम वाया जायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पहिली चांगली नळी मी माझ्याच हातात घालून घेतली. घालणारे डॉक्टर नौपाड्यात दवाखाना असलेले त्वचारोगतज्ज्ञ होते. साठीकडे झुकलेले, हळू बोलणारे, स्कूटरवरून यायचे आणि हेल्मेट काढून माझ्या टेबलावर अगदी कागदांवर ठेवायचे. त्यांनी कातडी बधिर केली, सुई घातली, नळी ओवली आणि म्हणाले, आता गप्प बस. मी पाच तास गप्प बसले, माझ्या आयुष्यातला तो विक्रम असावा. बाटल्या भरल्या, यंत्रात घातल्या. सरळ रेघ. एक नाही, दोन नाही, सगळ्याच. मी वहीत लिहिलं, ‘नळी बिघडली’, आणि त्या पानावर तिरकी फुली मारली. नळी काढल्यावर तपासली तेव्हा ती ठीक दिसत होती, हे मी लिहिलं नाही. काहीतरी बिघडलं असणारच, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

नंतर स्वयंसेवक आले. सगळे आपखुशीने, कागदावर सह्या करून, डॉक्टरांनी नीट समजावल्यावर. आधी आमच्याच ऑफिसातले चार जण, नौपाड्यातले आणि डोंबिवलीतले, पांढरपेशे, बाह्या दुमडून बसणारे आणि दर अर्ध्या तासाने अजून किती वेळ असं विचारणारे. चौघांच्याही सरळ रेघा. साहेब रोज संध्याकाळी दारात उभे राहून विचारायचे, काही आलं का. ते आवाज चढवत नसत. माझा संताप त्यामुळेच जास्त व्हायचा. घरी गेले की आई गुडघ्याला तेच जेल चोळत बसलेली असायची, कारण नमुन्याच्या ट्यूबा मीच आणून दिल्या होत्या. ती विचारायची, जातंय का गं आत. मी तिच्यावर खेकसायचे.

मग जवळच्या बाळकुम गावचे लोक आले. पॅकिंगमधल्या एका मुलीचे सासरे, तिच्या शेजारचे आणखी दोघं आणि एक मावशी. आगरी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तिथली. ते सासरे पन्नाशीचे होते. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केलं होतं, पुढे भातशेती, आणि आता शेतात इमारती उभ्या राहत होत्या त्या बघत बसायचे. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. सही करायला त्यांना बराच वेळ लागला, पण आधी त्यांनी सुनेकडून सगळा कागद वाचून घेतला होता, सूचनांसकट. आमच्या ऑफिसातल्या चौघांपैकी एकानेही तो वाचला नव्हता. मामा पाच तास हलले नाहीत. हात टेबलावर ठेवला तो ठेवला.

त्यांच्या तिसऱ्या बाटलीने डोंगर काढला.

मी तो कागद हातात घेऊन उभीच राहिले. चौथ्या बाटलीचा डोंगर त्याहून मोठा. पुढच्या आठवड्यात मावशींचा हात, तिथेही डोंगर. उरलेल्या दोघांचेही. मला इतका आनंद झाला की मी पॅकिंगवाल्यांना पेढे वाटले आणि मनात म्हटलं, आता घ्या गोदाम. साहेब पहिल्यांदाच खुर्ची ओढून माझ्या खोलीत बसले.

आता हे असं का, याला उत्तर हवं होतं, आणि ते मी एका दुपारात तयार केलं. माझा स्वभावच तसा होता. मिठागराचं खारं पाणी, चिखल, ऊन. वर्षानुवर्षं असलं काम करून या लोकांची कातडी वेगळी झाली आहे, तिच्यातून औषध सहज शिरतं. आपण सावलीतली माणसं, आपली कातडी घट्ट. याची मी सुबक आकृतीसुद्धा काढली. साहेबांना ती फारच पसंत पडली. ते म्हणाले, सांधेदुखी कष्टकऱ्यांनाच होते, आणि औषध त्यांच्यातच उत्तम जातं, याहून छान काय. मार्चच्या बैठकीत तेच मांडायचं ठरलं. मावशींनी तर आयुष्यात मिठागरात पाऊल टाकलं नव्हतं, ही गोष्ट मी सोयीस्करपणे बाजूला ठेवली.

डॉक्टर एकटे खूश नव्हते. ते म्हणाले, “कातडी सगळ्यांची जवळपास सारखीच असते गं. मी तीस वर्षं तेच बघतोय.” मामांचा हात सुई घालण्याआधीच जरा लालसर वाटला होता, असंही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, उन्हाने असेल. त्यांनी एवढंच म्हटलं की बैठकीआधी मामांना पुन्हा एकदा बोलाव. मला तो वेळेचा अपव्यय वाटला, पण त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून बोलावलं.

त्या दिवशी मामा वेळेवर आले नाहीत. नऊ वाजले, साडेनऊ झाले. डॉक्टर हेल्मेट कुरवाळत बसले होते आणि माझं डोकं तापायला लागलं होतं. शेवटी मीच रिक्षा केली आणि बाळकुमला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवत होते. लोकांना वेळेची किंमत नाही, वगैरे.

घर गावठाणात होतं, कौलारू, पुढे मोठं अंगण, आणि मागच्या बाजूला नव्या इमारतीचे बांबू. मामा अंगणातल्या दगडी पाटावर उकिडवे बसले होते. बायको लोट्याने पाणी ओतत होती. मामा उजव्या हातात पाय घासायची वज्री घेऊन डावा हात घासत होते. मनगटापासून कोपरापर्यंत, आतून, बाहेरून, जोर लावून. शेजारी नारळाचा काथ्या आणि कपड्यांच्या साबणाची वडी. हात लालबुंद झाला होता. मी दारातच थांबले.

मला बघून ते ओशाळले. पाणी उशिरा आलं, म्हणून राहिलं, आता निघतच होतो, असं म्हणाले. मी विचारलं, हे काय करताय. ते म्हणाले, “डाक्टर हात धरनार, बाय. असा काला हात त्याच्या हातान कसा देऊ?”

मी विचारलं, मागच्या वेळीही असंच करून आला होतात का. त्यांना प्रश्नच समजला नाही. आदल्या दिवशी एकदा आणि निघताना एकदा, असं बायकोने सांगितलं. मावशीही तसंच करून आल्या होत्या, ते दोघंही. सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं, कुणाला नाव ठेवायला जागा नको म्हणून. मग मामा आत गेले आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आले. आमचं सूचनापत्रक होतं ते, मी स्वतः लिहिलेलं. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“तुमच्याच कागदावं हाय ना. हात स्वच्छ धुवून यावे.”

मी ओट्यावर बसले. मामांच्या बायकोने कोरा चहा आणून दिला तो मी प्यायले की नाही हे आठवत नाही. कातडीचा सगळ्यात वरचा थर, कागदाहूनही पातळ, मेलेल्या पेशींचा. तोच भिंत असतो. औषधाला अडवतो तो तोच. हे मी कॉलेजात पाच वर्षं मुलांना शिकवलं होतं, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले होते, उत्तर अर्धवट लिहिलं तर गुण कापले होते. तो थर घासून काढला तर औषध आत जाणारच, त्यात जेलचं कौतुक काय. ऑफिसातल्या चौघांनी नळाखाली हात धरला होता आणि रुमालाला पुसला होता. त्यांची भिंत शाबूत होती. माझीही होती. खरं उत्तर पहिल्याच दिवशी माझ्याच हातातून निघालं होतं आणि मी त्यावर फुली मारली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला फार राग आला. आधी मामांवर आला, हे कबूल करते. मग तो तिथे टिकेना, कारण ती माणसं माझ्या शब्दाला जागली होती, आणि ऑफिसातल्यांनी तो वाचलाही नव्हता. मग माझ्यावरच आला. त्यांची कातडी कशी वेगळी आहे यावर मी आकृत्या काढत बसले होते. आज सकाळी काय केलंत, एवढं साधं त्यांना विचारलं नव्हतं.

डॉक्टरांना परत जाऊन सांगितलं तर ते हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, मग एकाच माणसाचे दोन हात घेऊ, एक घासलेला, एक नुसता धुतलेला. एवढं केलं की वाद संपला. बैठकीला दहा दिवस होते. घासल्यावर कातडीला पूर्ववत व्हायला थोडा वेळ हवा, तेव्हा आठवडाभर डावा हात घासायचा नाही, उजवा मात्र नेहमीसारखा, असं ठरलं.

साहेबांना ते अजिबात रुचलं नाही. ते म्हणाले, “औषध पोहोचतंय ना? मग झालं. आणखी खोदू नका.” मी म्हटलं, पोहोचत नाहीये, तेच तर सांगतेय. त्यांनी शांतपणे विचारलं की ही खोली मला हवी आहे की नको. मी म्हटलं, हवी आहे. खरंच हवी होती. त्या खोलीतल्या करवतीपासून बुडबुड्यापर्यंत सगळ्याला मी शिव्या दिल्या होत्या, पण सकाळी कुलूप उघडताना जी घाई व्हायची ती मला कॉलेजात एकदाही झाली नव्हती. गप्प बसले असते तर ती माझी राहिली असती. चुकीच्या डोंगरांवर उभी, पण माझी. दोन दिवस मी तसा विचारही केला. सूचनापत्रकातली ओळ कोण वाचणार होतं?

गप्प बसू शकले नाही ते काही फार थोर कारणाने नाही. आई संध्याकाळी जेल चोळताना पुन्हा विचारायची, आणि मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. शिवाय मला चिडायला आवडतं, पण खोटं बोलून वर चिडायचं हे मला जमत नाही. मी बाळकुमला गेले.

मामांना पटवायला तास लागला. त्यांना वाटलं, डॉक्टरांना काही खटकलं. मी म्हटलं, तसं नाही, हात चांगलाच होता. मग न घासता कशाला, असं बायकोने विचारलं. एक हात असा आणि एक तसा घेऊन माणूस लोकांसमोर बसेल कसा, दिसेल कसं ते. मी समजावलं, भिंत, थर, औषध. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मामा शेवटी म्हणाले, तुझं काम अडलंय ना, येतो. त्यांचं तोंड मात्र उतरलेलं होतं.

ठरलेल्या दिवशी ते वेळेच्या आधी आले. पांढरा स्वच्छ सदरा, डोक्याला तेल, आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळलेला टॉवेल. उजवा हात टेबलावर ठेवला. डावा मांडीवर, टॉवेलमध्ये. डॉक्टर आत आले तसे मामा उठून उभे राहिले. मागच्या वेळी त्यांनी डॉक्टरांकडे सरळ बघून राम राम केला होता. त्या दिवशी जमिनीकडे बघत होते.

“आज बायनी सांगलंय म्हनून असाच आयलो, डाक्टर. राग मानू नका.”

डॉक्टरांनी स्वतः टॉवेल सोडला. हात अगदी साधा होता. पन्नाशीच्या माणसाचा असतो तसा, थोडा कोरडा, उन्हाने रापलेला, आंघोळीच्या वेळी धुतलेला. घाण त्यावर कुठेच नव्हती. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, मला हाच हवा होता. पाच तास मामांनी मान भिंतीकडे वळवून ठेवली होती, डाव्या हाताकडे एकदाही बघितलं नाही. मी बाटल्या बदलत होते आणि मला स्वतःला चापट मारावीशी वाटत होती. माणसाला स्वच्छ ये म्हणून सांगायचं, तो आला की त्याच्या हाताचे आकडे काढायचे, आणि मग म्हणायचं की आता तसा येऊ नकोस.

त्या दिवशी नळी गळली नाही, वीज गेली नाही, एक बुडबुडा आला नाही. दोन वर्षांत असा दिवस उगवला नव्हता. उजव्या हाताच्या बाटल्यांनी डोंगर काढले. डाव्या हाताच्या बाटल्यांनी सरळ रेघ काढली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझी रीत तंतोतंत खरी ठरली होती. मला जे मोजायचं होतं ते मी मोजलं होतं.

बैठकीत मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मुख्य कचेरीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, मग खोक्यावर काय छापू, आधी वज्रीने घासा? सगळे हसले, साहेबही. मी सांगायचा प्रयत्न केला की रीत चालते आहे, आता जेल सुधारता येईल, कशाने आत जातं ते आपल्याला दिसू शकतं. कुणी ऐकत नव्हतं. जेल तयार होतं, खोकी छापायला गेली होती. खोटं ठरलं ते जेल, आणि बंद झाली ती प्रयोगशाळा. चोर सोडून संन्याशाला फाशी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पॅकिंगवाल्यांनी खोलीत खोकी रचली. त्यांच्यावर ‘खोलवर पोहोचणारं’ असं निळ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पंप प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुठे गेला ते मला कुणी सांगितलं नाही. मला दर्जा तपासणीत बसवलं, आणि तिथे मी पुढची बावीस वर्षं ट्यूबांची झाकणं नीट बसतात का ते पाहिलं.

आईला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, असेल. दुसऱ्या दिवशी तिने डोंबिवलीच्या केमिस्टकडून त्याच जेलची ट्यूब विकत आणली, आणि दुकानदाराला सांगून आली की हे आमच्या मुलीच्या कंपनीचं आहे, यावर तिने दोन वर्षं काम केलंय.

मामांना मात्र सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं, पण पाच तास भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाला निदान काय झालं ते कळलं पाहिजे, असं मला वाटत होतं. एका रविवारी मी बाळकुमला गेले. मामा ओट्यावर बसून मासे धरायच्या जाळ्याचा एक तुकडा सुईने दुरुस्त करत होते. मी मनात सगळं जुळवून गेले होते. तुमची काही चूक नव्हती, ओळ माझी चुकली, तुमच्यामुळे खरं काय ते कळलं, असं. खोली गेल्याचंही सांगणार होते.

त्यांनी मला बसवलं आणि एकच गोष्ट विचारली.

“मंग औषद कनच्या हातान गेला, बाय?”

मी म्हटलं, उजव्या.

“घासलेल्या?”

“हो मामा. घासलेल्या.”

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी आतल्या बाजूला वळून बायकोला हाक मारली आणि म्हणाले, “आयकलास काय? मी बोलत व्हतो ना, चांगला हात द्यावा डाक्टरला.” मग सुई बाजूला ठेवून त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी तो तिलाही दाखवला. बाकीचं जे सांगायला आले होते ते मी सांगितलं नाही.